अर्धवेळ वैमानिक आणि 'मागण्याचा हक्क' : एका ब्रिटिश निकालाची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एक निकाल समोर ठेवून बसू या. कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी थांबा. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, स्त्री-अभ्यास, कुठल्याही विषयात काम करायचं असेल तरी कधी ना कधी एखादा निकाल, अहवाल किंवा धोरण तुमच्या प्रबंधात येणारच. बहुतेक वेळा आपण त्याचं काय करतो? एका वाक्यात सार लिहितो, कंसात साल टाकतो आणि पुढे जातो. पण त्या निकालाने नेमकं काय ठरवलं, काय ठरवलंच नाही आणि कुठला प्रश्न त्याला विचारताच येत नव्हता, हे तीन प्रश्न राहून जातात. चिकित्सा सुरू होते ती या तीन प्रश्नांपासून.

आजचा निकाल आहे ब्रिटिश एअरवेज विरुद्ध स्टार्मर, २००५. मूल लहान असलेल्या वैमानिकाला अर्धवेळ काम मागता येतं का, हा त्याचा विषय. 'या निकालामुळे वैमानिक आईला अर्धवेळ कामाचा हक्क मिळाला' असं त्याचं सार सहज सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की हे सार चुकीचं आहे, आणि त्यातली चूक समजली की आई-वडील आणि नोकरी या विषयावरचा कायदा कसा चालतो हेही समजतं.

आधी हकिगत

स्टार्मर या ब्रिटिश एअरवेजमध्ये फर्स्ट ऑफिसर होत्या, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी उजवीकडच्या खुर्चीत बसणाऱ्या वैमानिक. त्यांचे पतीही त्याच कंपनीत वैमानिक. मुलगी झाल्यावर त्यांनी पूर्णवेळच्या ५० टक्के काम मागितलं. कंपनीने नकार दिला, पण ७५ टक्के देऊ केलं.

दोघंही वैमानिक असलेल्या घरात ७५ आणि ५० मधला फरक किती मोठा असतो ते बघा. बँकेतल्या किंवा शाळेतल्या नोकरीत ७५ टक्के म्हणजे रोज दोन तास लवकर घरी. वैमानिकाचं तसं नाही. कधी पहाटे चारला घर सोडायचं, कधी मध्यरात्री परत यायचं, कधी परक्या शहरातल्या हॉटेलात मुक्काम. रोस्टर दर महिन्याला बदलतं, आणि असं रोस्टर एका घरात दोन. पाळणाघर सकाळी आठला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं. त्यामुळे इथे प्रश्न रोजच्या तासांचा नसून महिन्यातले किती दिवस आणि किती रात्री घराबाहेर, याचा आहे.

सुरुवातीला कंपनीने दिलेली कारणं मनुष्यबळाची आणि खर्चाची होती. नंतर एक नवी अट पुढे आली : २००० तास उड्डाण झाल्याशिवाय ७५ टक्क्यांच्या खाली जाता येणार नाही. कारण सांगितलं गेलं सुरक्षिततेचं. स्टार्मर यांचे तेवढे तास झालेले नव्हते. न्यायाधिकरणात त्या जिंकल्या. कंपनी अपिलात गेली आणि जुलै २००५ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही, म्हणजे न्यायमूर्ती बर्टन यांच्या पीठाने, त्यांच्याच बाजूने निकाल दिला.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची वाटते आणि एका अर्थी आहेही. आता जरा खाली उतरू या.

दोन कायदे, दोन दारं

ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ पासून एक तरतूद लागू झाली. सहा वर्षांखालील मूल (अपंग असेल तर अठरा वर्षांखालील) असलेल्या कर्मचाऱ्याला कामाच्या वेळा बदलून मागता येऊ लागल्या. शब्द नीट बघा : 'मागता येऊ लागल्या'. हा मिळण्याचा हक्क नाही, मागण्याचा हक्क आहे. मालकाला नकार द्यायचा असेल तर कायद्याने आठ कारणांची यादीच दिली होती : वाढीव खर्च, ग्राहकांची मागणी पुरी न होणं, असलेल्या कर्मचाऱ्यांत कामाची फेरवाटणी न जमणं, नवी माणसं न मिळणं, दर्जा घसरणं, कामगिरी घसरणं, मागितलेल्या वेळात पुरेसं काम नसणं आणि आधीच ठरलेले रचनेतले बदल. यातलं एखादं कारण सांगितलं आणि प्रक्रिया पाळली की मालक मोकळा. ते कारण वाजवी आहे की नाही, हे तपासायचा अधिकार न्यायाधिकरणाला नव्हता. कारण चुकीच्या माहितीवर आधारलेलं असेल किंवा प्रक्रिया मोडली असेल तरच दाद लागायची, आणि भरपाई जास्तीत जास्त आठ आठवड्यांच्या पगाराएवढी, तीही ठरावीक मर्यादेत.

आता दुसरं दार. १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा. त्यात 'अप्रत्यक्ष भेदभाव' नावाची कल्पना होती. नियम सगळ्यांना सारखाच, पण त्याचा फटका मात्र स्त्रियांना पुरुषांपेक्षा बऱ्याच मोठ्या प्रमाणात बसतो. अशा वेळी त्या नियमाचं समर्थन करायची जबाबदारी मालकावर येते. इथे न्यायाधिकरणाला स्वतः तराजू हातात घ्यावा लागतो : नियमामागचा उद्देश खरा आहे का, त्यासाठी हाच नियम गरजेचा होता का, आणि होणारं नुकसान त्या मानाने किती. त्याच महिन्यात, स्टार्मर निकालाच्या थोडेच दिवस आधी, इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हार्डीज अँड हॅन्सन्स विरुद्ध लॅक्स या खटल्यात हेच सांगितलं होतं. 'एखादा समंजस मालक असा निर्णय घेऊ शकेल का' एवढंच बघून चालणार नाही, न्यायाधिकरणाने स्वतः वजन करून बघायला हवं.

स्टार्मर प्रकरणाची खरी लढाई या दुसऱ्या दारातून झाली, हे लक्षात ठेवा. म्हणजे मुलांच्या आई-वडिलांसाठी जो खास कायदा केला, त्याचा आई झालेल्या वैमानिकाला फारसा उपयोग झाला नाही. उपयोगी पडला तो तीस वर्षांपूर्वीचा, पालकत्वाचा उल्लेखही नसलेला कायदा. प्रबंधात 'लवचिक कामाच्या हक्काचा विजय' असं लिहिलंत तर ही गंमतच हरवते. खरं वाक्य असं व्हायला हवं : लवचिक कामाचा हक्क अपुरा पडला, म्हणून भेदभावाच्या कायद्याला त्याचं काम करावं लागलं.

निकालाचं बळ कशात आहे

चिकित्सा म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. आधी बळ सांगू. तीन मुद्दे आहेत.

पहिला : कंपनीचं म्हणणं होतं की हा एका व्यक्तीपुरता घेतलेला निर्णय आहे, याला 'नियम' किंवा 'निकष' कसं म्हणणार? अपील न्यायाधिकरणाने ते मान्य केलं नाही. 'पूर्णवेळ किंवा ७५ टक्के, यापेक्षा कमी नाही' हा एकीलाच लावलेला असला तरी निकषच आहे. तो पुरुषालाही लागू झाला असता, एवढं पुरे. हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. तो हरला असता तर प्रत्येक मालक म्हणाला असता, 'आमच्याकडे धोरण असं काही नाही हो, आम्ही प्रत्येकाचा अर्ज वेगळा बघतो,' आणि सुटला असता.

दुसरा : सुरक्षिततेचा शब्द उच्चारला की वाद संपतो, हे न्यायाधिकरणाने चालू दिलं नाही. विमान वाहतुकीत सुरक्षितता मोघम नसते, ती मोजलेली असते. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या असाव्या लागतात. साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा होते. वर्षाला ९०० तास ही उड्डाणाची कमाल मर्यादा असते, म्हणजे जास्त उडणं हीसुद्धा सुरक्षिततेची अडचण मानली जाते. अशा क्षेत्रात '२००० तासच का, १५०० का नाहीत?' याला ठोस उत्तर हवं. ते मिळालं नाही, आणि ही अट अर्ज आल्यानंतर आलेली होती.

तिसरा मुद्दा निकालाच्या मजकुरापेक्षा आपल्या विचारासाठी. २००० तास व्हायला किती वर्षं लागतात? समजा वर्षाला ७०० तास उड्डाण होतं. मग जवळजवळ तीन वर्षं. ७५ टक्के कामावर वर्षाला ५२५ तास, म्हणजे जवळजवळ चार. नोकरीची ही पहिली वर्षं आणि मूल होण्याची वर्षं बहुतेकींच्या बाबतीत एकच असतात. अटीत 'स्त्री' हा शब्द कुठेही नाही, 'आई' हा शब्दही नाही. तरी ती नेमकी कुणाला लागते ते दिसतं. अप्रत्यक्ष भेदभाव समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पहिली हरकत : मोजायचं कुणाला?

आता कमकुवत बाजू. फटका 'स्त्रियांना बऱ्याच मोठ्या प्रमाणात' बसतो हे दाखवायचं, तर कुणाची कुणाशी तुलना करायची? याला आपण तुलनागट म्हणू. इथे संशोधनपद्धतीचा तास सुरू होतो.

एक काल्पनिक कंपनी घ्या. १००० वैमानिक, त्यात ९५० पुरुष, ५० स्त्रिया. (जगभरातही स्त्री वैमानिकांचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आसपासच सांगितलं जातं.) समजा १९ पुरुष आणि ५ स्त्रिया यांना ७५ टक्क्यांची अट पाळता येत नाही. कंपनीचा वकील म्हणेल, 'बघा, त्रास होणारे बहुतेक पुरुषच आहेत!' कर्मचाऱ्याचा वकील म्हणेल, 'पुरुषांत २ टक्के, स्त्रियांत १० टक्के, म्हणजे पाचपट.' कंपनीचा वकील पुन्हा उठेल, 'अट पाळू शकणारे बघा : ९८ टक्के आणि ९० टक्के. यात कसला मोठा फरक?' आकडे तेच, चित्रं तीन. आणि ५० पैकी दोघी स्त्रिया राजीनामा देऊन गेल्या की १० टक्क्यांचे ६ होतात.

हा शेवटचा धोका सगळ्यांत गंभीर आहे. तुलनागटात कोण असतं? जे टिकले ते. मूल झाल्यावर नोकरी सोडून गेलेली वैमानिक त्यात नाही. ७५ टक्के ऐकूनच अर्ज न केलेलीही 'अट पाळू शकणारी' म्हणून मोजली जाते. म्हणजे ज्या कंपनीने आयांना सगळ्यांत यशस्वीपणे बाहेर घालवलं, तिचे आकडे सगळ्यांत स्वच्छ दिसतील. तुम्ही कुठल्याही संस्थेत जाऊन सर्वेक्षण करणार असाल तर हे वाक्य वहीत लिहून ठेवा : उपस्थितांच्या यादीत अनुपस्थितांचा त्रास सापडत नाही.

स्टार्मर प्रकरणात न्यायाधिकरणाने केवळ कंपनीतल्या तुटपुंज्या आकड्यांवर भिस्त ठेवली नाही. बालसंगोपनाचा भार समाजात प्रामुख्याने कुणावर असतो, हे सर्वसामान्य चित्रही लक्षात घेतलं. पुढे २०२१ मध्ये डॉबसन या नर्सच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने हे अधिक स्पष्ट केलं : मुलं सांभाळण्याचा भार स्त्रियांवर जास्त असतो, ही गोष्ट दर वेळी पुराव्याने सिद्ध करायला नको, न्यायाधिकरणाने ती गृहीत धरायला हवी.

दिलासा आहे, यात शंका नाही. पण इथूनच दुसरी अडचण सुरू होते.

दुसरी हरकत : बाप कुठे आहे?

स्टार्मर यांचे पतीही वैमानिक होते, हे मघाशी सांगितलं. आता कल्पना करा, अर्ज त्यांनी केला असता तर? त्याच घरातलं तेच मूल, तीच कंपनी, तेच रोस्टर. त्यांना दुसरं दार उघडलं नसतं. कारण तिथली किल्ली 'स्त्रियांना जास्त फटका' ही आहे. पुरुष वैमानिकाला पहिल्या दारातूनच जावं लागलं असतं, जिथे आठपैकी एक कारण सांगितलं की काम संपतं. (अर्थात, स्त्रियांना ५० टक्के देऊन पुरुषांना नाकारलं तर तो सरळसरळ भेदभाव ठरतो. पण कंपनी सगळ्यांनाच नाकारत असेल तर तो मार्गही बंद.)

याचा परिणाम काय होतो? कायद्याच्या दृष्टीने स्वस्त पर्याय एकच उरतो : आईने अर्धवेळ व्हायचं. मग पुढच्या खटल्यात पुरावा म्हणून सांगितलं जातं की अर्धवेळ काम प्रामुख्याने स्त्रियाच करतात. जो असमतोल दाखवून हक्क मिळतो, तो हक्क वापरूनच असमतोल पक्का होतो. न्यायमूर्तींची ही चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात जो कायदा होता त्यातून त्यांनी जमेल तेवढं दिलं. पण 'हा निकाल पालकांच्या हक्काचा आहे' असं आपण लिहितो तेव्हा निम्मे पालक आपण वगळलेले असतात.

इथे एक ताजी गोष्ट तुमच्या कामाची आहे. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनच्या समता कायद्यात कलम १९क आलं. एखाद्या गटाला बसणारा फटका त्या गटाबाहेरच्या व्यक्तीलाही तसाच बसत असेल, तर तीही दाद मागू शकते. मग मुलाला प्रामुख्याने सांभाळणारा पुरुष वैमानिक 'आयांना जो त्रास होतो तोच मलाही होतो' असं म्हणू शकेल का? शब्दांवरून तरी वाट दिसते. कायदा आणि लिंगभाव या विषयात प्रश्न शोधत असाल तर हा घ्या, अजून चघळून चोथा झालेला नाही.

तिसरी हरकत : निम्मं म्हणजे किती?

स्टार्मर निकाल दारापाशी थांबतो. आत गेल्यावर काय होतं हे त्याला विचारलंच गेलं नव्हतं. त्यासाठी आणखी दोन निकाल बघावे लागतात.

पहिला त्याच कंपनीतल्या केबिन क्रूचा, पिनॉ विरुद्ध ब्रिटिश एअरवेज, अपील न्यायालय, २०१८. प्रसूतीच्या रजेनंतर कर्मचाऱ्याने अर्धवेळ करार घेतला : चौदा दिवस ड्युटीचे, चौदा सुट्टीचे. पगार ५० टक्के. पण ड्युटीच्या पंधरवड्यात दहा दिवस उपलब्ध राहायचं, म्हणजे वर्षाला १३० दिवस. पूर्णवेळ सहकाऱ्याला वर्षाला २४३ दिवस. भागाकार करा : ५३.५ टक्के. पगार निम्मा, उपलब्धता निम्म्यापेक्षा साडेतीन टक्के जास्त. २४३ चे निम्मे साडेएकशेएकवीस. वर्षाला साडेआठ दिवस वर. कंपनीचं म्हणणं, प्रत्यक्ष उड्डाणाचे तास बघा, ते जास्त नाहीत. न्यायालयाने मानलं की ही कमी प्रतीची वागणूक आहे; तिचं समर्थन होतं का, हा प्रश्न मात्र परत न्यायाधिकरणाकडे गेला.

दुसरा युरोपीय न्यायालयाचा, लक्झेंबर्ग, १९ ऑक्टोबर २०२३ : लुफ्तान्सा सिटीलाइनचा वैमानिक. ९० टक्के काम, बदल्यात वर्षाला ३७ दिवस जास्तीची सुट्टी. कंपनीत ठरावीक तासांनंतर जादा मोबदला सुरू व्हायचा, आणि ती तासांची रेषा पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोघांना एकच. सोप्या आकड्यांत सांगायचं तर, पूर्णवेळवाल्याला १०० तासांनंतर जादा मोबदला, तर ९० टक्केवाल्याला प्रमाणात ९० नंतर मिळायला हवा. तोही १०० नंतरच दिला तर मधले दहा तास त्याने जादा मोबदल्याविना केले. न्यायालयाने म्हटलं, एकच रेषा म्हणजे समान वागणूक नव्हे. अर्धवेळवाल्याला ती कमी लेखणारी आहे, आणि ठोस समर्थन नसेल तर चालणार नाही.

दोन्हींतला धडा एकच. 'अर्धवेळ' हा शब्द करारात सोपा दिसतो, पण तो मोजण्याचं एकक कोणतं? उड्डाणाचे तास, ड्युटीचे तास, उपलब्धतेचे दिवस की घराबाहेरच्या रात्री? जो एकक ठरवतो तो अर्ध्याची व्याख्या ठरवतो. संशोधनातही तसंच. तुम्ही 'कामाचा भार' मोजणार असाल तर कुठल्या एककाने, हे पहिल्या प्रकरणातच सांगा. व्हायवाला तिथेच पकडतात.

कंपनीची बाजूही मांडायला हवी

समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडता आला पाहिजे, नाहीतर ती चिकित्सा नसते, घोषणा असते. कंपनीचा सर्वांत भक्कम मुद्दा सुरक्षिततेचा नाही, माणशी खर्चाचा आहे. वैमानिक १०० टक्के उडो की ५० टक्के, सिम्युलेटरची परीक्षा तेवढ्याच वेळा, वैद्यकीय तपासणी तेवढीच, विमानाच्या प्रकाराचं प्रशिक्षण तेवढंच. एका पूर्णवेळच्या जागी दोन निमवेळचे घेतले की हा खर्च दुप्पट. शिवाय प्रशिक्षित वैमानिक जाहिरात देऊन महिन्याभरात उभा राहत नाही. शंभर जणांनी एकदम ५० टक्के मागितले तर उन्हाळ्याच्या गर्दीत विमानं जमिनीवर राहतील.

हे खोटं नाही. पण यातून काय निघतं ते बघा. 'किती जणांना, कोणत्या क्रमाने, किती दिवस आधी कळवून' हा प्रश्न निघतो. 'हिला नाही' हे उत्तर निघत नाही. आणि नुसत्या खर्चाने समर्थन होत नाही, खर्चाला दुसऱ्या कारणाची जोड लागते, असं न्यायमूर्ती बर्टन यांनीच त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या निवृत्तिवयाच्या खटल्यात (क्रॉस विरुद्ध ब्रिटिश एअरवेज) मांडलं होतं.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या बाजूने बोलणारे विसरतात. वैमानिकाचं काम मुळातच तुकड्यांत कापलेलं असतं. आजच्या उड्डाणाचा कॅप्टन उद्या त्याच विमानावर नसतो. कुठलाही कॅप्टन कुठल्याही फर्स्ट ऑफिसरबरोबर उडू शकावा, म्हणून तर प्रत्येक कृती ठरवून दिलेली असते. 'तुमच्याशिवाय अडेल' असं ज्या कामाला म्हणता येत नाही, त्या कामाची फेरवाटणी जमत नाही हे कारण जास्त पुराव्याने सांगायला नको का?

आपल्याकडे आणताना

आता तुमच्यातला कुणीतरी हा निकाल भारताच्या प्रकरणात 'आदर्श' म्हणून टाकणार. जरा थांबा. भारतात स्त्री वैमानिकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितलं जातं, जगाच्या कितीतरी पुढे. पण अर्धवेळ काम मागण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली आणि रजेनंतर घरून काम करण्याची मुभा आली, तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक तयार असेल तर. विमान काही घरून उडवता येत नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, हेही आलं. पण रात्री दोनच्या उड्डाणाला ते कितपत पुरणार?

शिवाय आपला स्वतःचा इतिहास आहे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, १९८१. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गर्भारपणात नोकरी सोडायला लावणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हा भाग सगळे सांगतात. त्याच निकालात, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाण्याचा नियम मात्र न्यायालयाने कायम ठेवला, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत कंपनीला होणारा नव्या भरतीचा खर्च हेही एक होतं. हा भाग फार थोडे सांगतात. पहिली चार वर्षं लग्न नको, पहिले २००० तास अर्धवेळ नको : दोन देश, दोन काळ, पण नियमाचा आकार एकच. तुलना करायची तर इथे करा. 'ब्रिटन पुढे, आपण मागे' ही तुलना नव्हे, ती तक्रार झाली.

तर मग वाक्य कसं लिहायचं?

या निकालाविषयी प्रबंधात एक परिच्छेद लिहायचा असेल तर त्यात किमान एवढं यायला हवं. एक, दाद कोणत्या कायद्याखाली मिळाली आणि कोणत्या कायद्याखाली मिळू शकली नसती. दोन, हरलेल्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा. तीन, पुराव्याच्या यादीतून कोण गळलं : सोडून गेलेल्या, अर्ज न केलेल्या, बाप. चार, निकालानंतर काय बदललं आणि काय नाही. हा शेवटचा मुद्दा इथेच पुरा करतो. मागण्याचा हक्क २००९ मध्ये सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना मिळाला. २०१४ मध्ये २६ आठवडे नोकरी झालेल्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना मिळाला. एप्रिल २०२४ पासून तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, वर्षात दोनदा मागता येतं आणि नकारापूर्वी चर्चा करणं बंधनकारक आहे. मागणारे वाढले, मागण्याची सोय वाढली. पण २०२४ च्या त्या सुधारणेतही नकाराच्या आठ कारणांची यादी तीच राहिली.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही कायद्यात, योजनेत, शासन निर्णयात 'हक्क' हा शब्द दिसला की त्याच्या आधी कोणतं क्रियापद आहे ते बघा. मागण्याचा, अर्ज करण्याचा, विचारात घेतलं जाण्याचा, की मिळण्याचा? मूल कडेवर घेऊन रोस्टरची वाट बघणाऱ्या वैमानिकाला तो फरक महिन्यातल्या रात्रींत मोजावा लागतो. आपल्याला तो निदान वाक्यात तरी नीट लिहिता यायला हवा.